डभोईचे साठ जण

६ नोव्हेंबर १९९५, सोमवार. सकाळी ९.१०
दिवाळीची सुट्टी संपली. नवी डायरी सुरू. (जुनी अकराव्या पानावर थांबली. शाई फुटत होती.) संकल्प:
१. ३१ मार्चच्या आत पीएच.डी.चा थीसिस सबमिट करणे. त्या दिवशी रजिस्ट्रेशनला पाच वर्षं पूर्ण होतात. त्यानंतर नाव रद्द.
२. सलीलचा सूड घेणे.
क्रम गरजेप्रमाणे बदलता येईल.

त्याच दिवशी, दुपारी
थीसिसची काळजी नाही. विषय ‘महाविद्यालयीन तरुणांतील क्षमाशीलता’. चाळीस विधानांची प्रश्नावली छापून तीन वर्षं झाली. शंभर मुलांकडून भरून घ्यायची, टोटल मारायची, लिहायचं. डाव्या हाताचा मळ. आज शीर्षकाचं पान केलं.

७ नोव्हेंबर
सलीलने माझं काय काय केलं ते एकदा नीट लिहून ठेवतो. माणसं नंतर विसरतात. मी विसरत नाही, पण तरी.

एम.ए.ला सायकॉलॉजीची प्रॅक्टिकल्स जोडीने असतात. एक प्रयोग घेतो, दुसरा त्याचा सब्जेक्ट होतो. मग अदलाबदल. दोन वर्षं मी सलीलचा सब्जेक्ट आणि तो माझा. आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची असा एक प्रयोग होता. पहिल्या खेपेला माझ्या चुका ९४, दहाव्या खेपेला ११. त्यावरून सलीलने असा सुरेख ग्राफ काढला की निरुपमा मॅडमनी तो बोर्डावर लावला. शिकण्याची प्रक्रिया कशी असते याचा उत्तम नमुना, म्हणाल्या. चुका माझ्या, नमुना त्याचा! उलट माझ्या वेळी सलीलने पहिल्याच खेपेत तीन चुकांत चांदणी गिरवली आणि शेवटपर्यंत तीनच केल्या. माझा ग्राफ म्हणजे आडवी रेघ. मॅडम म्हणाल्या, यातून काही कळत नाही. त्याने हे मुद्दाम केलं.

दुसरं, स्टॉपवॉच. परीक्षेच्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये दोन होती. एक चालू, एक मनात येईल तेव्हा थांबणारं. चालू त्याने उचललं. निकाल: त्याला सुवर्णपदक, मला चोपन्न टक्के. आज तो फेलोशिपवर आहे आणि मी आईच्या पोळ्यांवर.

तिसरं, चारचौघांत मला ‘गजा’ म्हणतो. माझं नाव गजेंद्र दत्ताजीराव जगदाळे आहे.

आजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते. सूड आमच्या रक्तातच आहे. हे जेवताना बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, घोड्यावर होते हे खरं, पण बँडमध्ये, क्लॅरनेट वाजवायचे. बाबांना इतिहासाची दृष्टी नाही.

२० नोव्हेंबर
मॅडमकडे मीटिंग. मॅडम आम्हा दोघांच्या गाइड. त्यांच्या हाताखाली एक नियम आहे: एकाच्या प्रश्नावल्या दुसऱ्याने भरून आणायच्या. स्वतःचा डेटा स्वतः गोळा केला की माणूस नकळत हवं तेच गोळा करतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सलीलसाठी, इथून बसने तासाभरावरच्या डभोईच्या कॉलेजातून साठ मुलांचे फॉर्म मी आणायचे.

सलीलचा विषय काय, तर सूडभावना. स्वतः सूडभावना मोजायची मापनी बनवतोय. नव्वद विधानं, प्रत्येकाला हो किंवा नाही. मग पाच अर्धवट वाक्यं, ती मुलांनी आपल्या मनाने पूर्ण करायची. सगळं गुजरातीत. मी पाहिली. अगदी बाळबोध.

बदल्यात माझे क्षमाशीलतेचे शंभर फॉर्म तो भरून आणतो म्हणाला. पंधरा दिवसांत होतील, पादरा गावी त्याचा मामा प्राध्यापक आहे. मी स्वच्छ नाही म्हटलं. माझी क्षमाशीलता मी शत्रूच्या हातात देणार नाही.

संध्याकाळी ६.००
सुचलं! डभोईला जायचंच नाही. साठही फॉर्म मीच भरायचे. आणि असे भरायचे की साठच्या साठ जण संत. डभोईत औषधालाही सूडी माणूस सापडणार नाही. मापनी आपटणार, थीसिस आपटणार, आणि कोणाला कधी कळणारही नाही. संकल्प क्रमांक दोन वर घेतला.

२७ नोव्हेंबर
मांडवीतून सात वेगवेगळी पेनं घेतली. निळी तीन, काळी तीन, एक हिरवं. दुकानदाराने विचारलं, साहेब निशाळ (शाळा) काढताय का. मी गूढ हसलो.

२८ नोव्हेंबर
डभोईला जातो असं घरी सांगितलं. आईने थालीपिठं बांधून दिली, आणि बसमध्ये खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो, म्हणाली. वाचनालयात जाऊन बसलो, खिडकीपासून लांब. तीन संत झाले.

मानसशास्त्राचं प्रशिक्षण अशा वेळी कामाला येतं. मापनीत लबाडी पकडायला मधूनमधून ‘मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही’ अशी विधानं पेरलेली असतात. अडाणी माणूस तिथे ‘हो’ म्हणून सापडतो. मी तिथे ‘नाही’ लिहितो. खरं सांगून खोटं पचवायचं. हे सुवर्णपदकवाल्यांना सुचत नाही.

९ डिसेंबर
अकरा संत. नावं सुचणं हेच अवघड काम आहे. आतापर्यंत चार हार्दिक झाले.

१६ डिसेंबर
एकोणीस संत, सात हार्दिक. संत होणं थकवणारं आहे. विधान १४: ‘माझा अपमान करणाऱ्याला मी सहज विसरतो.’ हो, हो, हो. एकोणीस वेळा. काळ्या पेनाचं टोक वाकलं. आई म्हणते, डभोईचं पाणी तुला मानवत नाही, चेहरा उतरलाय.

क्षमाशीलता: शीर्षकाचं पान पुन्हा केलं. आधी नीट मधोमध आलं नव्हतं.

२९ डिसेंबर
तिसावा संत पूर्ण. समाधानाने डिपार्टमेंटला गेलो. कॉरिडॉरमध्ये सलील एम.ए.च्या पाच-सहा मुलींना काही सांगत होता. मला पाहून म्हणाला, या गजाला विचारा, माझे सगळे प्रयोग याच्यावर झालेत. मुली हसल्या. मोहना नावाची एक मुलगी आहे, मॅडमनी तिला सलीलचा डेटा कॉम्प्युटरवर चढवायला घेतलंय. तीही हसली. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ओळख नाही, तरी.

माझ्यावर प्रयोग! ससा आहे मी!

३० डिसेंबर
योजनेत छोटासा बदल. उरलेले तीस जण संत नसतील. डभोईत दुसराही एक वर्ग आहे, हे कोणीतरी दाखवायलाच हवं. थोडे बरे, थोडे वाईट अशी भेसळ झाल्यावर सलीलला काही समजणारच नाही. हे आधीच्यापेक्षा जास्त खोल आहे.

५ जानेवारी १९९६
काय वेग! दोन तासांत आठ झाले. संतांना एवढ्यात आठवडा लागायचा. अर्धवट वाक्यं तर आपोआप पूर्ण होतात. ‘मी कधीच विसरू शकत नाही...’ याच्यापुढे सहा जणांनी स्टॉपवॉच लिहिलं. ‘लोक माझ्या चुकांचा...’ याच्यापुढे ‘ग्राफ काढतात’.

नंतर वाचताना दिसलं, भराभर लिहिताना गुजराती अक्षरांवर मराठीसारखी रेघ ओढली गेलीय, गुजरातीत ती नसते. प्राथमिक शाळेत याबद्दल गुजरातीच्या बेन माझा कान पिळायच्या. राग आला की माझा हात मराठी होतो. असू दे. डभोईच्या पोरांचं अक्षर कोण बघतंय.

१४ जानेवारी, उत्तरायण
सलीलच्या गच्चीवर मुद्दाम गेलो. त्याचा पतंग त्याच्याच घरी कापायचा, असा बेत. मांजा पाणीगेटच्या माणसाकडून खास घासून घेतला होता. गेल्यावर कळलं की सलील पतंग उडवतच नाही, त्याच्या बोटाला टाके पडलेत. दिवसभर त्याने माझी फिरकी धरली. मी चौदा पतंग कापले, त्यातला एकही त्याचा नाही. प्रत्येक वेळी ‘काप्यो छे’ म्हणून तोच माझ्याहून मोठ्याने ओरडायचा. उंधियू चांगलं होतं. दिवस वाया गेला.

२२ जानेवारी
साठ फॉर्म सलीलच्या हातात दिले. एकूण अकरा हार्दिक. सलीलने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, गजा, एवढं माझ्यासाठी कोणी केलं नसतं. मी म्हटलं, ते खरं आहे.

क्षमाशीलता: उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
मोहना स्वतःहून बोलायला आली. डभोईचे फॉर्म चढवताना वाईट वाटतं म्हणाली, केवढं दुःख आहे हो त्या मुलांत. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, पण त्या कॉलेजात स्टॉपवॉचचं काही प्रकरण झालं होतं का. मी म्हटलं, क्रीडा विभागात. तिला माझ्याविषयी काहीतरी वाटतं हे उघड आहे.

१९ फेब्रुवारी
आज निकाल. डिपार्टमेंटचा कॉम्प्युटर असलेल्या खोलीबाहेर चपला काढून उभा राहिलो. आत प्रिंटर करकरत होता. सलीलची वाट लागल्याचा आवाज शांतपणे ऐकत होतो.

मॅडम बाहेर आल्या त्या हसत. मापनी किती भरवशाची आहे याचा एक आकडा असतो. एकाच्या जितका जवळ, तितकी मापनी चांगली. डभोईच्या आधी सलीलचा आकडा होता शून्य पूर्णांक सहासष्ट, म्हणजे बेताचा. डभोई मिळवल्यावर झाला शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.

बारा वाजले. माझे बारा वाजले, असं म्हणायचंय.

संध्याकाळी
कारण समजलं. तीस जण प्रत्येक उत्तरात संत, तीस जण प्रत्येक उत्तरात राक्षस. कोणी अधेमधे घुटमळलंच नाही. अशी पक्क्या मताची माणसं बाहेर मिळत नाहीत. जी मापनी मला मोडायची होती तिला मी स्वतःच्या हाताने टेकू दिला. सलीलने सगळ्यांना सेवउसळ खिलवली आणि जाहीर केलं की थीसिसच्या आभाराच्या पानावर पहिलं नाव गजाचं. मी दोन प्लेट खाल्ल्या. रागात भूक लागते.

४ मार्च
पीएच.डी. सेक्शनचे हेडक्लार्क उदयसिंहराव रस्त्यात भेटले. म्हणाले, जगदाळे, ३१ तारखेला यंदा रविवार येतो, ऑफिस बंद असेल, तेव्हा तीसला दुपारी दोनच्या आत आणा. आणि होणार नसेल तर मॅडमच्या सहीने मुदतवाढीचा अर्ज करा, सही असली की वर्ष मिळतं. मी म्हटलं, अर्जाची वेळ येणार नाही. आधी एक महत्त्वाचं काम उरकायचं आहे.

१३ मार्च
सुचलं. निनावी पत्र! मॅडमना कळवायचं की डभोईचे फॉर्म बनावट आहेत. सलीलने कसा केला एवढा आकडा, याची चौकशी होईल. तो गाळात जाईल. मी फक्त आणून देणारा.

पत्र गुजरातीत लिहिलं, म्हणजे मराठी माणसावर संशय नको. लिहिताना आतून उकळत होतो. एका बैठकीत तीन पानं. शेवटी सही: एक हितचिंतक. टपालात टाकलं आणि मॅच बघायला बसलो. कलकत्त्याला आपण हरलो. पण बडोद्यात जिंकलो.

२१ मार्च
मॅडमनी दोघांना बोलावलं. टेबलावर एका बाजूला माझं पत्र, दुसऱ्या बाजूला डभोईचा गठ्ठा.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं एक फॉर्म आणि पत्राचं एक पान शेजारी ठेवून माझ्याकडे सरकवलं. दोन्हीकडे गुजराती अक्षरं आणि प्रत्येक शब्दावर ठळक रेघ. म्हणाल्या, बडोद्याची मराठी पोरं शाळेत असं लिहितात, मीही लिहायची, माझाही कान पिळला गेलाय. पण डभोईचे तीस पटेल आणि शाह असं लिहितील का. आणि या पत्रात हितचिंतकालाही स्टॉपवॉच आठवलंय.

तिसऱ्या पानावर ते आलं होतं खरं. ओघात.

मला वाटलं सलील आता गळा धरील. मी तयारीत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. डोळे भरले होते की उन्हामुळे, सांगता येत नाही. आठवडाभराने मॅडमना आकड्यांची सगळी टेबलं दाखवायची होती त्याला.

मॅडम म्हणाल्या, वर कळवत नाही, पण मुदतवाढीच्या अर्जावर मी सही करणार नाही. मग कागदावर हिशेब करून दाखवला. साठ फॉर्म गुणिले नव्वद विधानं, चोपन्नशे उत्तरं. माझ्या क्षमाशीलतेला लागत होती चाळीस गुणिले शंभर, म्हणजे चार हजार. गजेंद्र, म्हणाल्या, तू तुझ्या पीएच.डी.पेक्षा जास्त काम केलंस, फक्त दुसऱ्याच्या वाईटासाठी.

यांचाही सूड घ्यावा लागणार. लिहून ठेवतो.

२५ मार्च
सलील रोज पहिल्या बसने डभोईला जातोय असं मोहनाने सांगितलं. नियम मोडून मॅडमनीच परवानगी दिली. मोहना माझ्याशी फार कमी शब्दांत बोलते. लाजते.

२८ मार्च
नऊ दिवसांत... चुकलो. दोन दिवसांत थीसिस लिहिणं अशक्य नाही. माणसाने ठरवलं पाहिजे. पेनं आहेत, सात.

३० मार्च, शनिवार. दुपारी १.४०
शीर्षकाचं पान, अनुक्रमणिका आणि प्रस्तावनेचं दीड पान घेऊन सेक्शनला गेलो. उदयसिंहरावांनी तीन पानं हातात घेऊन बाकीची कुठे आहेत असं विचारलं. मग चहा मागवला. दोन वाजले तेव्हा आम्ही चहाच पीत होतो. रजिस्टरमध्ये माझ्या नावावर त्यांनी लाल रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. पुन्हा रजिस्ट्रेशन करता येतं, म्हणाले, पहिल्यापासून.

घरी सांगितलं नाही. बाबांनी पितळी पाटी करून ठेवलीय, ‘डॉ. गजेंद्र द. जगदाळे’. चार वर्षं कपाटात आहे. दसऱ्याला चिंच लावून घासतात.

४ एप्रिल, गुरुवार
सकाळी सलील घरी आला. मी आतल्या खोलीत गेलो, पण आईने त्याला चहाला बसवून मला हाक मारली, त्यामुळे जावं लागलं. तिने त्याला डभोई कसं आहे विचारलं. छान आहे, म्हणाला. त्याचे नवे साठ फॉर्म झाले होते. आकडा शून्य पूर्णांक त्र्याहत्तर. बेताचा, पण खरा आहे, म्हणाला.

पिशवीतून माझा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. फेकवत नाहीत, म्हणाला, तूच ठेव. मग विचारलं, गजा, हे स्टॉपवॉच म्हणजे कुठलं?

मी सांगितलं. परीक्षेचा दिवस, दोन स्टॉपवॉच, त्याने उचललेलं. चांदणी आणि ९४ चुकाही सांगितल्या. त्याने फार मनापासून आठवून बघितलं. डोळे मिटून बघितलं. नाही आठवत रे, म्हणाला. ग्राफ बोर्डावर लावलेलाही आठवत नव्हता.

खोटं बोलत नव्हता. मी सायकॉलॉजीचा माणूस आहे, मला कळतं. पाच वर्षं मी ज्याच्याशी लढत होतो त्याला लढाई चालू आहे हेच माहीत नव्हतं. याच्याइतका अपमान माझा कोणी केला नाही. आणि रागावू कोणावर हे समजेना.

त्याने एक कोरा फॉर्म पुढे केला. थीसिससाठी नाही, सहज भर म्हणाला, एकदा स्वतःच्या नावाने. मी भरला. निळं पेन. नव्वदच्या नव्वद, जसं आहे तसं. मनात म्हटलं, घे, बघ आता एक खरा आकडा. तुझी मापनी फुटेल.

सलीलने तिथेच मार्क मोजले. नव्वदपैकी सेहेचाळीस. खिशातून तक्ता काढून त्याने बोट फिरवलं. सेहेचाळीस म्हणजे ‘सर्वसाधारण’.

मी म्हटलं, परत मोज. त्याने परत मोजलं, मोठ्याने, एकेक करून. सेहेचाळीस.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय रे, पास झाला का तो?

सलीलने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हो काकू, झाला.